थंडीने कीड मरते का? फळबागेतल्या किडींची अंडी हिवाळा कशी काढतात

मोहने : डिसेंबर उजाडला आणि सकाळी उल्हास नदीवर धुकं दिसू लागलं, की मोहने, अटाळी, आंबिवली, टिटवाळा या पट्ट्यात आंब्याची झाडे असलेल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘यंदा थंडी चांगली पडली, कीड मरणार आणि आंबा धरणार.’ हे वाक्य अर्धे बरोबर आहे. थंडीने आंब्याला मोहोर येतो, हे खरे. पण ठाणे जिल्ह्यातल्या थंडीने कीड मरत नाही. ती फक्त मंदावते, आणि मोहोर आला की त्याच मोहोरावर अंडी घालायला हजर होते.

या गैरसमजाची किंमत मोठी असते. ‘थंडी आहे, बघू नंतर’ म्हणून झाडाकडे दुर्लक्ष झाले, तर जानेवारीत तुडतुडे मोहोर वाळवून टाकतात आणि मे महिन्यात विकायला काय, घरी खायलाही आंबा उरत नाही. म्हणून किडीची अंडी थंडीत कशी टिकतात, कुठे टिकतात आणि आपल्याकडे नेमके काय घडते, हे समजून घेतलेले बरे.

अंडे गोठते म्हणजे काय होते?

पाण्याने गच्च भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये ठेवली तर ती फुटते, कारण पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो. किडीच्या अंड्यातही पाणीच असते. त्याचा बर्फ झाला तर बर्फाचे टोकदार कण आतल्या पेशी फाडतात आणि वाढणारा जीव मरतो. म्हणजे अंड्याला धोका आहे तो आत बर्फ तयार होण्याचा.

पण पाणी शून्य अंशाला गोठलेच पाहिजे असे नाही. बर्फ जमायला सुरुवात होण्यासाठी धूळ, माती किंवा दुसरा एखादा बारीक कण लागतो. तो नसेल तर पाणी शून्याच्या खालीही पातळच राहते. किडीचे अंडे अगदी लहान, कवचात बंद आणि आतून स्वच्छ असते. त्यामुळे शून्याखाली बरेच अंश उतरूनही ते गोठत नाही.

याशिवाय थंड प्रदेशातील किडींच्या अंड्यात ग्लिसरॉलसारखे गोडसर, चिकट पदार्थ साठतात. गाडीच्या रेडिएटरमध्ये कूलंट टाकले की थंडीत पाणी गोठत नाही, तसेच हे काम चालते. या दोन गोष्टींच्या जोरावर काही किडींची अंडी उणे ३० अंशांपर्यंत आणि त्याच्याही खाली तग धरतात.

बर्फाच्या मुलखातील अंडी

भारतात हा प्रकार बघायचा तर काश्मीर आणि हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या बागांत जावे लागते. तिथे झाडांची पाने गळतात, फांद्यांवर बर्फ बसतो, तरी किडींची अंडी शाबूत असतात.

सिमला भागात तंबू करणारी अळी प्रसिद्ध आहे. हिचा पतंग मे-जूनमध्ये बारीक फांदीभोवती बांगडीसारखी शेकडो अंडी चिकटवतो. ती पावसाळा आणि हिवाळा काढून थेट पुढच्या मार्चमध्ये फुटतात, म्हणजे साधारण नऊ महिने अंडे तसेच असते. काश्मीरमध्ये जिप्सी पतंगाची मादी सालीच्या आडोशाला अंड्यांचे पुंजके घालते आणि वर स्वतःच्या अंगावरच्या केसांचे पांघरूण घालते. सफरचंदावरील लाल कोळीही हिवाळा अंड्यातच काढतो. (कोळी आठ पायांचा, म्हणून तो खरा कीटक नव्हे; पण बागायतदाराला त्रास तेवढाच.) फांदीच्या बेचक्यात त्याची लालभडक, टाचणीच्या टोकाहून लहान अंडी दाटीने बसलेली असतात.

माव्याची गंमत वेगळी आहे. थंड मुलखात अनेक जातींचा मावा हिवाळ्यापूर्वी फांद्यांवर काळी चकचकीत अंडी घालतो. आपल्याकडच्या उबदार हवेत मात्र मावा सहसा अंडी घालतच नाही. मादी वर्षभर थेट जिवंत पिल्लांनाच जन्म देते. जिथे हिवाळा मारक नाही, तिथे टिकाऊ अंड्याची गरजच पडत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या बागेचा सगळा हिशोब या एका गोष्टीवरून कळतो.

अंडे थंडीचे दिवस मोजते

जानेवारीत चार दिवस ऊन पडले आणि अंडी फुटली, तर बाहेर आलेल्या पिल्लाला कोवळे पान मिळणार नाही आणि पुढच्या थंडीत ते मरेल. हे टळते ते सुप्तावस्थेमुळे. अंड्यातला जीव ठराविक टप्प्यावर वाढ थांबवतो आणि पुरेसे आठवडे थंडी सोसल्याशिवाय पुन्हा वाढू लागत नाही. पेरलेले बी योग्य वेळ येईपर्यंत जमिनीत पडून राहते, तसेच हे.

सफरचंदाचे झाडही असेच करते. डेलिशियससारख्या जुन्या जातींना हिवाळ्यात सुमारे १००० तास ७ अंशांखालची थंडी मिळाली तरच कळ्या नीट फुटतात. झाड आणि कीड दोघेही थंडी मोजतात, म्हणून कोवळी पाने आणि भुकेली पिल्ले एकाच वेळी बाहेर येतात.

महाराष्ट्रात हाच प्रकार रेशीम शेती करणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. रेशीम किड्याच्या सुप्त अंड्यात साठवलेली साखर थंडीपूर्वी ग्लिसरॉल आणि सॉर्बिटॉलमध्ये बदलते. अशी अंडी शीतगृहात महिनोन्‌महिने जिवंत राहतात. शेतकऱ्याला अंडीपुंज हवे तेव्हा मिळतात ते याच गुणामुळे. जी युक्ती रेशीम शेतीत फायद्याची, तीच सफरचंदाच्या बागेत डोकेदुखी.

ठाणे जिल्ह्यात काय होते?

कल्याण, मुरबाड, शहापूर, अंबरनाथ या तालुक्यांत कडक थंडी म्हणजे पहाटे पारा १० ते १५ अंशांच्या दरम्यान. दुपारी तोच पारा ३० च्या आसपास जातो. अंडे गोठण्याचा इथे प्रश्नच येत नाही. त्यामुळे इकडच्या किडींना कूलंट लागत नाही आणि त्यांचा हिवाळा वेगळ्या पद्धतीने जातो. कोण कुठे असतो ते पाहू.

तुडतुडे : आंब्याची सर्वांत मोठी डोकेदुखी. मोहोर नसतो त्या काळात प्रौढ तुडतुडे खोडाच्या सालीच्या भेगांत आणि दाट, सावलीच्या फांद्यांत बसून राहतात. मोहोर किंवा कोवळी पालवी आली की मादी मोहोराच्या दांड्यात, कोवळ्या पानाच्या शिरेत अंडी खुपसते. एक मादी शंभर ते दोनशे अंडी घालू शकते. उबदार हवेत ती चार ते सात दिवसांत फुटतात आणि दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. अंडे दांड्याच्या आत असल्याने वरून दिसत नाही. पिल्ले रस शोषतात, अंगातून चिकटा सोडतात, त्यावर काळी बुरशी वाढते आणि मोहोर काळा पडून गळतो.

फुलकिडी : या कोवळ्या पेशींच्या आत अंडी घालतात. वाढीचा शेवटचा टप्पा बहुतेक वेळा झाडाखालच्या मातीत आणि पालापाचोळ्यात जातो. तिथूनच पुढची पिढी वर येते.

पिठ्या ढेकूण : पांढऱ्या कापसासारख्या थैलीत अंडी असतात. ही थैली थंडीपेक्षा पावसापासून आणि फवाऱ्यापासून अंड्यांना जास्त वाचवते. उत्तर भारतातील आंब्यावरच्या मोठ्या पिठ्या ढेकणाची मादी एप्रिल-मेमध्ये झाडावरून उतरते आणि झाडाखाली ५ ते १५ सेंटिमीटर खोल मातीत तीनशे-चारशे अंडी घालून मरते. ती अंडी उन्हाळा, पावसाळा मातीत काढतात आणि डिसेंबर-जानेवारीत फुटून पिल्ले खोडावरून वर चढतात. मातीत एक वीत खाली तापमान फारसे खालीवर होत नाही, त्यामुळे उत्तरेकडच्या थंडीतही अंडी सुरक्षित राहतात.

फळमाशी : ही अंडी घालते पक्व होत आलेल्या फळाच्या सालीखाली. अळी फळात वाढते, फळ गळले की मातीत शिरून कोष करते. हिवाळ्यात आंब्याला फळ नसते, तेव्हा माशी पेरू, चिकू, बोर अशा दुसऱ्या फळांवर निभावून नेते. घरामागे एकच पेरूचे झाड असले आणि त्याखाली सडके पेरू पडलेले असले, तरी मे महिन्यातल्या आंब्यासाठी माशीची सोय झालेली असते.

खोडातील भिरूड : याची अळी खोडाच्या आत पोखरत असते. बाहेर कितीही थंडी असो, आत तिला झळ लागत नाही. बुंध्याशी पडलेला लाकडाचा भुसा ही तिची खूण.

पालघर जिल्ह्यातील डहाणू-घोलवडच्या चिकू बागांत तर कळ्या, फुले आणि फळे वर्षभर असतात. तिथे किडीला थांबायचे कारणच नसते.

भातशेती करणाऱ्यांना एक उदाहरण लगेच पटेल. भातावरचा नाकतोडा बांधाच्या मातीत अंडी घालतो. ती अंडी हिवाळा आणि कडक उन्हाळा काढून पावसाच्या सरींनंतर फुटतात. इकडच्या अंड्याला जास्त करून कोरड्या महिन्यांतून तरून जायचे असते, बर्फातून नाही.

मग थंडीचा काहीच परिणाम नाही?

आहे. थंडीत अंड्याचे घड्याळ हळू चालते. फळमाशीचेच बघा. तिचे अंडे २५ ते ३० अंशांत एक-दोन दिवसांत फुटते. तापमान १८ अंशांवर राहिले तर त्याला दुप्पट वेळ लागतो. सुमारे १२ अंशांखाली वाढ जवळपास थांबते. पण थांबणे म्हणजे मरणे नव्हे. दुपारी ऊन पडले की घड्याळ पुन्हा चालू.

यातून एक अडचण उभी राहते. थंडीत अंडी हळू फुटतात, त्यामुळे झाडावर पिल्ले कमी दिसतात आणि कीड नाही असे वाटते. फेब्रुवारीत उकाडा सुरू झाला की साठलेली अंडी भराभर फुटतात आणि ‘दोन दिवसांत एवढे तुडतुडे आले कुठून’ असा प्रश्न पडतो. ते आलेले नसतात, झाडावरच असतात.

थंडी लांबली तर हापूसच्या कलमांना पुन्हा मोहोर येतो. त्याने आधीची बारीक कैरी गळतेच, शिवाय तुडतुड्यांना अंडी घालायला दुसरी कोवळी जागा मिळते. जास्त थंडी म्हणजे कमी कीड, हे समीकरण इथेही चुकते.

खरी थंडी अंडी मारते, पण आंबाही बिघडवते

कूलंट नसलेली उष्ण प्रदेशातील अंडी खऱ्या थंडीत मरतात, हे सिद्ध आहे. द्राक्षे, संत्री यांसारखी फळे परदेशी पाठवताना १-२ अंशांत सुमारे दोन आठवडे किंवा जास्त ठेवून फळमाशीची अंडी-अळ्या मारण्याची पद्धत आहे. म्हणजे एक-दोन पहाटे गारठा पडून भागत नाही. शून्याच्या जवळची थंडी रात्रंदिवस, अनेक दिवस लागते. कोकणात असे कधीच होत नाही.

आंब्याला ही पद्धत चालत नाही. साधारण १२ अंशांखाली जास्त काळ ठेवला तर आंब्याची साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. म्हणून आंब्यासाठी उलटा मार्ग धरला गेला : उष्णता. युरोपला जाणारा आंबा ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात, जपानसाठी गरम वाफेची प्रक्रिया करतात. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर २००७ पासून विकिरण प्रक्रिया होते आणि त्याची सुरुवात नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या केंद्रातून झाली.

फळमाशीचे दुर्लक्ष किती महाग पडते, हे २०१४ मध्ये दिसले. भारतीय मालात फळमाशी सापडल्याने युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा घेणे थांबवले. ऐन हंगामात हापूसची ती बाजारपेठ बंद झाली. पुढे २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठवण्याचा निर्णय झाला. सालीखालचे डोळ्याला न दिसणारे अंडे एका हंगामाची निर्यात अडवू शकते.

मोबाइलवरचा व्हिडिओ बघून तेल फवारू नका

हिवाळ्यात ‘बागेत तेल फवारा, किडीची अंडी मारा’ असे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. ते बहुतेक सफरचंदाचे असतात. तिथे झाडावर एकही पान नसताना, कळी फुटण्याच्या सुमारास खनिज तेल फवारतात. अंड्याच्या कवचाला श्वासासाठी बारीक छिद्रे असतात. तेलाचा थर ती बुजवतो आणि अंडे गुदमरते. तिथे ही पद्धत योग्य आहे.

आंब्याचे झाड मात्र हिवाळ्यात पानांनी भरलेले असते आणि त्याच वेळी मोहोर येत असतो. तेच तेल त्याच प्रमाणात मारले तर पाने आणि मोहोर करपण्याचा धोका आहे. शिवाय तुडतुड्याचे अंडे दांड्याच्या आत असते, तिथे तेल पोहोचतच नाही. पद्धत उचलण्याआधी आपले झाड कोणते आणि किडीचे अंडे कुठे, हे दोन प्रश्न विचारावेत.

थंडीच्या महिन्यांत काय करावे?

ऑक्टोबर-नोव्हेंबर :
– पावसाळा संपला की वाळक्या, रोगट आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढाव्यात. आत ऊन आणि वारा खेळला की तुडतुड्यांना बसायला जागा राहत नाही.
– खोडाच्या भेगा तपासाव्यात. भुसा दिसला तर भिरुडाचे छिद्र शोधून अळी तारेने काढावी.
– आळ्यातील माती वरवर हलवावी. मातीतली अंडी आणि कोष वर येतात, उन्हाने सुकतात, पक्षी आणि मुंग्या खातात. मुळे तुटतील इतके खोल खणू नये.

नोव्हेंबर-डिसेंबर :
– तुडतुड्यांसाठी पहिली फवारणी मोहोर फुटण्यापूर्वीची असते. ती खोडावर आणि फांद्यांवरही पडली पाहिजे, कारण कीड तिथे बसलेली असते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे मोहोर संरक्षणाचे वेळापत्रक आहे. औषध आणि प्रमाण त्या वर्षीच्या वेळापत्रकातूनच घ्यावे.
– पिठ्या ढेकणाचा त्रास असेल तर जमिनीपासून फूटभर उंचीवर खोडाला एक वीतभर रुंद प्लॅस्टिकचा पट्टा घट्ट बांधून खालच्या कडेला ग्रीस लावावे. वर चढणारी पिल्ले अडतात. पिठ्या ढेकणाची राखण करणाऱ्या मुंग्याही अडतात.

जानेवारी-फेब्रुवारी :
– आठवड्यातून दोनदा मोहोर जवळून बघावा. पांढरा कागद खाली धरून मोहोर हलकेच झटकला तर तुडतुडे आणि फुलकिडी कागदावर पडतात. मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितले तरी पिल्ले ओळखता येतात.
– फुले पूर्ण उमललेली असताना फवारणी टाळावी. परागीभवन करणाऱ्या माश्या मेल्या तर फळधारणाच घटते.
– एकच औषध पुन्हा पुन्हा वापरू नये. किडीला त्याची सवय होते.

मार्चपासून :
– गळलेली फळे रोज गोळा करून खोल खड्ड्यात पुरावीत. पेरू आणि चिकूखालची फळे तर वर्षभर उचलावीत.
– फळमाशीसाठी कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा फळे काढणीला येण्याच्या आधीच लावावा. सापळ्यात नर माशी सापडते. नर कमी झाले की माद्यांची अंडी फळत नाहीत.

एक-दोन झाडे असलेल्यांनी काय करावे?

मोहने-आंबिवली परिसरात आता बागेपेक्षा परसातली जुनी रायवळ झाडेच जास्त. उंच झाडावर पंपाने फवारणी करणे अवघड असते. वस्तीत ती धोक्याचीही आहे, कारण खाली विहीर, पाण्याची टाकी, कपडे आणि मुले असतात. अशा झाडांसाठी तीन कामे पुरेशी मानावीत : फांद्यांची विरळणी, झाडाखालची स्वच्छता आणि फळमाशीचा सापळा. शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून केले तर उपयोग जास्त, कारण माशी कुंपण ओळखत नाही.

लक्षात ठेवण्यासारखे

बर्फाच्या प्रदेशात किडीचे अंडे ग्लिसरॉलच्या आधारे हिवाळा काढते. कोकणात तसा हिवाळाच नाही. इथे कीड सालीत, मातीत किंवा दुसऱ्या फळावर दिवस काढते आणि मोहोराची वाट बघते. थंडी तिला मारत नाही, तयारीसाठी शेतकऱ्याला थोडा वेळ देते. तो वेळ साफसफाई आणि पाहणीत गेला, तर मे महिन्यात झाडावर आंबा दिसेल.

औषधांबाबत शंका असल्यास गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावे. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या मोफत क्रमांकावर मराठीतून सल्ला मिळतो. फोन करताना झाडाची जात, मोहोराची अवस्था आणि कीड नेमकी कुठे दिसली, या तीन गोष्टी सांगितल्या तर उत्तर नेमके मिळते.